हिवाळ्यात दोघांसाठी माथेरान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की ओळखीपाळखीत एकच विचारणा सुरू होते. "आम्ही दोघंच आहोत, शनिवार-रविवार मोकळा आहे, फार लांब नको, माथेरान कसं वाटतं?" मग मागोमाग गाडी कुठे लावायची, मिनी ट्रेन मिळते का, चालावं किती लागतं. उत्तरं बहुतेक तीच असतात, म्हणून एकदा बसून लिहून काढली. दर आणि वेळापत्रकं मुद्दाम दिलेली नाहीत. ती दर सीझनला बदलतात, आणि जुना आकडा वाचून आलेला माणूस घोडेवाल्याशी हुज्जत घालत बसतो.

हिवाळ्यात तिथे खरंच थंडी असते का?

असते, पण बेताची. माथेरान साधारण ८०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र काही फार लांब नाही, त्यामुळे हाडं गोठवणारी थंडी इथे पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, एखाद्या रात्री त्याहून थोडा खाली. दुपारी मात्र उन्हात चाललात तर घाम फुटतो. एक स्वेटर, कानाला काहीतरी आणि पायात मोजे एवढं पुरे. जाडजूड जॅकेट आणाल तर ते दिवसभर कमरेला बांधून फिरावं लागेल.

मग पावसाळा बरा की हिवाळा?

ढगात बुडालेलं माथेरान आणि धबधबे हवे असतील तर जुलै-ऑगस्ट. हिवाळ्यात धबधबे आटलेले असतात आणि कड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागतं. पण डोंगरमाथ्यावरचं जंगल सदाहरित आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडं डिसेंबरातही हिरवीगार असतात आणि रस्त्यांवर भर दुपारी सावली असते. चालायचं असेल तर हिवाळ्यासारखा काळ नाही. पायाखाली चिखल नाही, जळवा नाहीत, छत्री सांभाळायची नाही.

एक मात्र आधीच सांगते. पॉइंटवरून लांबचं सगळं स्वच्छ दिसेल या आशेने हिवाळ्यात येऊ नका. सकाळी दरीत धुकं असतं, ऊन वर आलं की त्याची जागा धुरकट हवा घेते. समोरचा प्रबळगड नीट दिसतो, त्यापलीकडचं नशिबावर.

एक रात्र पुरे की दोन?

दोन. नोकरीमुळे जमतच नसेल तर एक, पण एका दिवसात जाऊन-येऊन करू नका.

याचं कारण साधं आहे. सकाळी दहाच्या सुमाराला वर येणारी माणसं बहुतेक संध्याकाळच्या आत खाली उतरतात. या मधल्या वेळात बाजार, स्टेशन आणि नावाजलेले चार पॉइंट गजबजलेले असतात. संध्याकाळी सहानंतरचं आणि सकाळी नऊच्या आधीचं गाव वेगळंच असतं. रस्ते रिकामे, तबेल्यांकडून घोड्यांचं फुरफुरणं, कुठेतरी मशिदीची बांग, देवळाची घंटा, आणि एकाही मोटारीचा आवाज नाही. तेवढ्यासाठी इथे यायचं. दिवसभराच्या सहलीला हे मिळत नाही, आणि एका रात्रीच्या मुक्कामात ते जेमतेम एकदा हाताशी लागतं. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून दुपारी निघालात तर दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी मिळतात.

आम्हाला शनिवार-रविवारच जमतो. गर्दीचं काय करायचं?

गर्दी टाळता येत नाही, तिच्या वेळा टाळता येतात. अकरा ते चार या वेळात बाजाराकडे आणि इको पॉइंटकडे फिरकू नका. जेवा, झोपा, व्हरांड्यात पाय पसरून वाचत बसा. चालायचं ते सकाळी लवकर आणि चारनंतर. सोमवार ते गुरुवार जमवलंत तर खोलीचे दरही उतरतात आणि खोली निवडायलाही मिळते. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा मात्र मी दोघांना कधीच सुचवत नाही. दर दुप्पट-तिप्पट होतात, बऱ्याच ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींचं बुकिंग सक्तीचं असतं, आणि ३१ तारखेला 'गाला डिनर'चे पैसे आपोआप बिलात चढतात.

मुंबई-पुण्याहून जायचं कसं?

मुंबईकरांनी मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची आणि नेरळला उतरायचं. पुणेकरांनी कर्जतला थांबणारी गाडी बघायची आणि कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने नेरळ गाठायचं. पुणेकरांच्या नशिबी कर्जतचा वडा जास्तीचा, तो स्टेशनातच खाऊन घ्यावा.

नेरळहून वर जायला दोन वाटा आहेत: मिनी ट्रेन, नाहीतर घाटरस्त्याने टॅक्सी. स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, माणसं भरली की सुटतात, आणि अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्यावर सोडतात. दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी आहे. गावात फिरणाऱ्या मोटारी म्हणाल तर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी.

स्वतःची गाडी नेली तर?

दस्तुरीला वाहनतळ आहे, रात्रभर गाडी ठेवता येते. शनिवारी उशिरा पोचलात तर जागेसाठी घाटातच रांग लागते, तेव्हा नऊच्या आत पोचावं. घाट अरुंद आणि चढ फार तीव्र आहे. चढताना पहिल्या गिअरला लाजू नका, उतरताना तर अजिबात नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात. याच कारणासाठी गिअर नसलेली स्कूटर घेऊन हा घाट चढू नका. नाक्यावर पालिकेचा माणशी प्रवेशकर भरावा लागतो, त्याची पावती परत निघेपर्यंत जपून ठेवा.

मिनी ट्रेन खरंच मिळते का? बुकिंग कसं करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. उत्तर दोन भागांत देते, कारण गाड्याही दोन तऱ्हेच्या आहेत.

पहिली नेरळ ते माथेरान, पूर्ण घाट चढणारी. सुमारे २१ किलोमीटरचं अंतर कापायला तिला अडीच तासांच्या आसपास लागतात. पावसाळ्यात ती बंद असते आणि दरडी, वाहून गेलेला मार्ग यांची दुरुस्ती आटोपली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. २०१९ च्या पावसाने मार्गाची इतकी वाट लावली की गाडी थेट २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा धावली. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेची ताजी सूचना बघायचीच. दिवसाच्या फेऱ्या मोजक्या, डबे मोजके, आणि तिकिटासाठी नेरळच्या खिडकीवर रांग. सकाळच्या गाडीसाठी बरंच आधी जाऊन उभं राहायची तयारी असेल तरच तिच्या भरवशावर बेत आखा.

दुसरी अमन लॉज ते माथेरान शटल. दस्तुरीहून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन लागतं, तिथून वीसेक मिनिटांत गाडी गावाच्या मधोमध आणून सोडते. दिवसात तिच्या बऱ्याच फेऱ्या असतात आणि पावसाळ्यातही ती सहसा चालू असते.

दोघांसाठी माझं मत: जाताना टॅक्सी आणि शटल, म्हणजे दुपार वाया जात नाही. परतताना वेळ असेल तर पूर्ण घाट मिनी ट्रेनने उतरा. उतरताना घाई नसते, आणि ऊन डोळ्यांवर आलंच तर खिडकीची बाजू बदलून ते चुकवता येतं.

त्या ट्रेनचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण ती अजून चालते आहे! आदमजी पीरभॉय हे मुंबईचे मोठे व्यापारी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे बांधायला घेतली. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. सरकारने नव्हे, एका बोहरी कुटुंबाने स्वतःच्या खिशातले सोळा लाख घालून हा घाट चढवला. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. डोंगर इतका उभा की काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट चढ, आणि वळणं इतकी आवळ की पुढच्या डब्यातला माणूस मागच्याला खिडकीतून हात करू शकतो. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही मधली स्टेशनं. वॉटर पाइपला वाफेच्या इंजिनासाठी पाणी भरून घेत, नाव त्यावरून पडलेलं.

सगळ्या वाटेत एकच बोगदा आहे, त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. नावावरून अंदाज बांधा किती लांब असेल. डब्यात शेजारी शाळेची सहल असेल तर त्या बोगद्यात फक्त किंकाळ्या ऐकू येतात, हेही लक्षात असू द्या. ही रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

दस्तुरीला माणसं अंगावर येतात, म्हणतात ट्रेन बंद आहे, लांब चालावं लागेल. खरं असतं का?

पहिलं बहुधा खोटं, दुसरं अर्धं. पर्यटकांना अशी चुकीची माहिती देऊन जास्त पैसे उकळण्याचा प्रकार इतका वाढला होता की २०२५ च्या मार्चमध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवून निषेध केला. त्यानंतर माहितीचे फलक, दरपत्रकं वगैरे लागली. तरी सवयी एका रात्रीत जात नाहीत.

करायचं एवढंच: गाडीतून उतरलात की कुणाशीही न बोलता आधी प्रवेशकराच्या खिडकीवर जायचं, शटलची पुढची वेळ तिथे किंवा अमन लॉजला स्वतः विचारायची, आणि घोड्याचा दर फलकावर वाचायचा. मग ठरवायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही, आणि ज्याला खरंच घोडा हवा आहे त्याने तो नाकारण्याचंही कारण नाही. गावातली कितीतरी घरं घोड्यावर चालतात.

घोडा, हातरिक्षा, ई-रिक्षा की पायी?

पायी, जमत असेल तर. दस्तुरीहून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे, पाऊण तास धरा. रुळांच्या कडेकडेने सावलीतली वाट आहे.

घोडा हौस म्हणून एकदा ठीक. घोडेवाल्याला "हळू न्या, पळवू नका" असं आधीच बजावायचं, आणि रिकिबीत पाय नीट बसलाय की नाही ते बघून घ्यायचं. कड्याच्या वाटांवर मात्र स्वतःचे पायच बरे.

हातरिक्षा म्हणजे एक माणूस पुढे ओढतो, एक-दोघं मागून ढकलतात आणि आपण बसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असं सुनावून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून देण्याचे आदेश दिले. धडधाकट माणसाने त्या रिक्षात बसू नये असं मला त्याआधीही वाटायचं. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरात चाचणी म्हणून आल्या. त्या थोड्या आहेत आणि शाळेतली मुलं, वयस्कर माणसं, आजारी माणसं यांची त्यांवर खरी मदार आहे. गुडघा दुखत असेल तर रांगेत उभं राहा. नसेल तर ती जागा दुसऱ्याला मिळू द्या.

सामान कोण वाहणार?

दस्तुरीला हमाल असतात, ओझं बघून दर ठरतो, थेट हॉटेलपर्यंत पोचवतात. चाकांची बॅग आणू नका. काही भागांत पेव्हर ब्लॉक असले तरी बाकीचे रस्ते लाल मातीचे आणि दगडगोट्यांचे आहेत, चाकं पहिल्या शंभर पावलांत मान टाकतात. दोघांच्या दोन पाठपिशव्या, बास.

आणि पांढरे बूट घरी ठेवा. माथेरानची माती जांभ्याची, हिवाळ्यात ती कोरडी होऊन घोड्यांच्या टापांनी उडते, त्यात लीदही मिसळलेली असते. दिवसाअखेर मोजे काढले की घोट्याच्या वर जिथे मोजा संपतो तिथे विटकरी रंगाचं कडं उमटलेलं असतं. कितीही झाडला तरी पॅन्टचा खालचा घेर दोन धुण्यांशिवाय पूर्वपदावर येत नाही. धुळीचा त्रास असणाऱ्यांनी मास्क जवळ ठेवावा.

राहायचं कुठे? बाजारात की जंगलात?

मुक्कामाचा सगळा रंग यावर ठरतो, म्हणून घाईने बुकिंग करू नका.

बाजारपेठेजवळ लॉज, घरगुती खोल्या आणि मध्यम हॉटेलं आहेत. स्टेशन जवळ, खाणं जवळ, दर कमी. पण शनिवारी रात्री उशिरापर्यंत घोळके फिरत असतात आणि खिडकीखालीच गप्पा रंगतात.

बाजारापासून पंधरा-वीस मिनिटं आत गेलं की जुने बंगले लागतात. उंच जोती, लांब व्हरांडे, कौलारू छपरं, आवारात जांभळाची जुनी झाडं. इंग्रज अधिकारी, पारशी आणि बोहरी शेटमंडळी यांनी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बांधलेले हे बंगले. काही अजून घराण्यांकडे आहेत, काही बंद पडून मोडकळीला आलेत, आणि थोडक्यांत आता पाहुणे राहतात. दोघांसाठी असा बंगला मिळाला तर थोडे जास्त पैसे जाऊ द्यावेत. मात्र तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: रात्री बाजारातून परतताना वाटेवर दिवे आहेत का, गरम पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळीच, आणि जेवण तिथेच मिळतं की बाहेर जावं लागतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. रात्री नऊला अंधारातून वीस मिनिटं चालत जेवायला जाणं पहिल्या दिवशी गमतीचं वाटतं, दुसऱ्या दिवशी नाही.

तरणतलाव, डिस्को आणि दिवसभर हाउझी असणारी मोठी रिसॉर्टंही आहेत. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल जावं.

आमचं लग्न झालेलं नाही. खोली मिळेल का?

दोघंही सज्ञान असाल तर कायद्याने आडकाठी नाही. पण हॉटेल आपापले नियम लावतं आणि काही ठिकाणी "फक्त कुटुंबासाठी" असं सांगून परत पाठवतात. बुकिंगच्या आधी फोन करून सरळ विचारा. "आम्ही दोघं, लग्न झालेलं नाही, दोघांची ओळखपत्रं आहेत, चालेल ना?" उत्तर मेसेजवर लेखी घ्या. ओळखपत्र दोघांचंही लागतं, मूळ प्रत जवळ ठेवा. पत्ता त्याच शहरातला असला तर काही ठिकाणी का-कू करतात, पण माथेरानात 'स्थानिक' म्हणजे कर्जत-नेरळकडचे, मुंबई-पुणेवाल्यांना तो त्रास सहसा होत नाही.

किती पॉइंट बघून होतात?

हा प्रश्न घोडेवाल्यांनी लोकांच्या तोंडी बसवलाय. "सात पॉइंट, बारा पॉइंट, अठरा पॉइंट" असे त्यांचे हिशेब असतात, आणि माणसं यादीवर खुणा करत पळतात. दोन दिवसांत चार ठिकाणी निवांत बसलात तर खूप झालं.

पश्चिमेची बाजू एका दिवशी करावी. बाजारातून निघून शार्लोट तलाव, मग लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट, आणि शेवटी लुईझा. शार्लोट तलाव गावच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात उतरू नका, पाय बुडवू नका. तलावाशेजारी पिसरनाथाचं देऊळ आहे, हे माथेरानचं ग्रामदैवत. आत शिरताना चपला काढल्यात की त्या माकडांपासून सांभाळायला एकाने बाहेर थांबावं. लुईझावर पोचलात की समोर प्रबळगडाचं लांबलचक पठार आणि त्याच्या टोकाला कलावंतिणीचा सुळका दिसतो. मधल्या दरीतल्या वस्त्यांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, वर स्पष्ट ऐकू येतं.

पूर्व-दक्षिण बाजू दुसऱ्या दिवशी. अलेक्झांडर, रामबाग, तिथून वन ट्री हिलकडे. इकडे घोड्यांची वर्दळ कमी. वाटेत शेकरू दिसण्याची शक्यता इथे जास्त. आधी वर फांद्यांत खसफस होते, मग तांबूस झुबकेदार शेपूट दिसतं. थांबून वर बघायची सवय मात्र हवी. बोलत-बोलत चालणाऱ्याला ते दिसत नाही.

सूर्योदय आणि सूर्यास्त कुठून बघावा?

सूर्यास्ताला सगळे पॉर्क्युपाइन पॉइंटला जातात, त्यालाच सनसेट पॉइंट म्हणतात. देखावा चांगला, गर्दी जत्रेची. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत जंगलात काळोख होतो आणि परतीची वाट बरीच लांब आहे. टॉर्च नेलाच पाहिजे, मोबाइलच्या दिव्यावर भिस्त नको. गर्दी नको असेल तर लुईझावरूनही मावळतीची बाजू दिसते.

सूर्योदय सातच्या पुढेमागे, म्हणजे फार लवकर उठायची शिक्षा नाही. पॅनोरमा पॉइंट नावाजलेला आहे, पण बाजारापासून तो पाचेक किलोमीटर आहे. अंधारात निघायची हौस असेल तर जा. नसेल तर बाजारापासून पाच-दहा मिनिटांवरचा खंडाळा पॉइंट आहे. थर्मासमध्ये चहा घ्या आणि तिथे जाऊन बसा. अशा वेळी तिथे कोणी नसतं.

आमच्यापैकी एकाला चालायची आवड आहे, दुसऱ्याला अजिबात नाही. जमेल का?

जमेल, पण आधी बोलून घ्या. माथेरानला चालणं टळत नाही. खोलीपासून चहाच्या टपरीपर्यंतही चालायचंच असतं. न चालणाऱ्याने बाजाराजवळची खोली घ्यावी आणि चालणाऱ्याने पहाटेचा फेरफटका एकट्याने मारून न्याहारीला परत यावं. दोघांनी सगळं बरोबरच केलं पाहिजे असं थोडंच आहे. दोघांनाही चालणं नको असेल तर मात्र माथेरानच नको. महाबळेश्वरला गाडी दारापर्यंत जाते, थंडी इथल्यापेक्षा जास्त असते आणि हिवाळ्यात ताजी स्ट्रॉबेरीही मिळते.

हे गाव ऐतिहासिक का म्हणतात? किल्ला तर नाही.

किल्ला नाही, आणि मोठी लढाईही इथे झालेली नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाकडून डोंगर चढून वर आले, त्यांना जागा आवडली आणि त्यांनी इथे घर बांधलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं आणि गोऱ्या साहेबांचं उन्हाळी गाव वसलं. पुस्तकांत याला 'शोध' म्हणतात. ठाकूर, कातकरी, धनगर या डोंगरावर आणि उतारांवर आधीपासून राहत होते, त्यांच्याच पायवाटांनी साहेब वर आले. आजही खालच्या वाड्यांतून बायका भाजी, सरपण घेऊन त्याच वाटांनी बाजारात येतात.

गाव तसंच टिकलं ते मोटारबंदीमुळे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. रस्ता गावात आणावा की नाही, पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही, ई-रिक्षा किती असाव्यात, हे वाद अजून कोर्टात आणि कट्ट्यावर दोन्हीकडे चालतात. चहा पिताना सहज विषय काढा, दोन्ही बाजू ऐकायला मिळतील. आजारी माणसाला दस्तुरीपर्यंत न्यायचे हाल ज्याने सोसलेत त्याला पाहुण्याच्या शांततेचं फारसं कौतुक नसतं, आणि ते रास्त आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला आलो तर आणखी काही?

२ जानेवारीला भाई कोतवालांचा स्मृतिदिन असतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक कुटुंबातले. वकील झाले, माथेरान पालिकेचे उपाध्यक्ष झाले. खालच्या गावांतल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांनी पहाटे घेरलं, तिथे ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचं वय तेव्हा अवघं तीस. बहुतेक पर्यटक सगळ्या पॉइंटची इंग्रजी नावं पाठ करून जातात आणि या गावातल्या माणसाचं नाव त्यांच्या कानावरही पडत नाही. गावात त्यांचं स्मारक आहे, घटकाभर थांबावं.

खायला काय मिळतं?

बाजारात वडापाव, मिसळ, भजी, गुजराती थाळी, पंजाबी, चायनीज. जैन जेवण सहज मिळतं. उपास सोडायला यावं असं काही नाही, पोट नीट भरतं. हॉटेलात बऱ्याचदा जेवण-न्याहारीसकट दर असतो, तो घ्यायचा की नाही हे तुम्ही दुपारी कुठे असणार यावर ठरवा. सगळं सामान घोड्यावरून, हातगाडीने किंवा ट्रेनने वर येतं, त्यामुळे पाण्याच्या बाटलीपासून दुधापर्यंत सगळं खालच्यापेक्षा महाग. त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नये.

माकडं त्रास देतात का?

हो. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. खाणं पाठपिशवीत बंद ठेवा, खिडकीची कडी लावल्याशिवाय खोली सोडू नका, आणि त्यांना काहीही खायला घालू नका. फोटोसाठी केळं पुढे करणारे पुढच्या पाहुण्याच्या जिवाला घोर लावून जातात.

रोख पैसे, नेटवर्क, दवाखाना?

एटीएम आहे, पण शनिवारी संध्याकाळी त्यात पैसे असतीलच असं नाही. दोन दिवसांपुरती रोकड जवळ ठेवा. बाजारात फोनवरून पैसे देता येतात, कड्यांकडे गेलं की रेंज जाते. पालिकेचा दवाखाना आहे, प्राथमिक उपचार होतात. नेहमीची औषधं मात्र घरूनच आणा.

घरच्यांसाठी काय घ्यावं?

चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला. चपला इथल्या खरंच चांगल्या असतात, पण नवी जोडी घालून लगेच पॉइंटकडे निघू नका, अंगठ्याला फोड येतो. मध लेबल वाचून घ्या.

परतताना चालत खाली उतरता येईल का?

येईल, पण दोघंच असाल आणि वाट माहीत नसेल तर स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय नको. वन ट्री हिलजवळून शिवाजी शिडीची वाट उतरते, गार्बट पॉइंटकडूनही खाली वाट आहे. दोन्हींवर हिवाळ्यात सुकलेलं गवत आणि सुटे दगड असतात, पाय सटकतो. सामान आदल्या रात्री हॉटेलवाल्याशी बोलून दस्तुरीला पाठवता येतं, मात्र ते उचलायला तुम्हाला पुन्हा दस्तुरीलाच यावं लागेल. त्यामुळे पाठीवर मावेल एवढंच घेऊन आला असाल तरच हा बेत करा. सकाळी आठला निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत पायथा गाठता येतो. तिथून जवळच्या स्टेशनला पोचून लोकल धरायची. रविवारी दुपारनंतरच्या मुंबईकडच्या लोकल कर्जतहूनच भरून येतात, बसायला जागा हवी असेल तर उलटं कर्जतला जाऊन तिथून बसून या.